काट्यावर

रविवारी पाळकांनी सांगितलं, जकातनाक्यावरचा तो माणूस
हाक आली तसा उठला आणि चालू लागला.
हिशेबाची वही उघडीच राहिली.
मी चितेंगेचं टोक बोटाला गुंडाळत बसले.
साऱ्या मंडळीत जकातनाक्याला सगळ्यांत जवळची मीच:
काफुएच्या पुलापलीकडे, ट्रकांच्या वजनकाट्यावरची कारकून,
मुटिंटा हामूंगा, खिडकी नंबर दोन.

घरी येताना मनाशी भांडले.
त्याला काय, उठला.
त्याच्या चुलीपाशी कोण बसलं होतं, कुणी लिहून ठेवलं नाही.
माझ्याकडे आईची इन्सुलिनची बाटली आहे, मडक्यात गार ठेवलेली,
लुयांडोची फी आहे, अर्धं घातलेलं छप्पर आहे.
आणि मी उठले तर दुपारपर्यंत ही खुर्ची भरेल,
बसणारा शंभर क्वाचांऐवजी दोनशे मागेल.

म्हणून सोमवारी गेले. बसले.
तिसरा ट्रक चिसेंगाचा.
मक्याची पोती, वर ताडपत्री,
ताडपत्रीवर पाय बांधलेली एक कोंबडी.
पावतीच्या घडीत नेहमीसारखी नोट.
आठ वर्षं आम्ही त्या घडीतूनच बोलत आलो:
बरं आहे ना. बरं आहे. जा.

नोट मी खिडकीतून परत सरकवली.
तो हसला. त्याला वाटलं, कमी पडली.
दुसरी काढली.
"दोन टन जास्त आहे," मी म्हणाले,
शेजारच्या घरातून कुणी बोलावं तसा आला माझा आवाज.

काटा खोटं बोलत नाही, असं आमच्यात म्हणतात.
काटा कशाला बोलेल?
बोलायला आम्ही असतो.

चाळीस पोती उतरवायची.
मालक लुसाकात, फोन बंद.
हमाल पोत्यामागे दहा मागतात,
चिसेंगाच्या खिशात त्याच दोन नोटा.
शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
तो एवढंच म्हणाला,
"आज तुझा देव जागा झाला, बाई.
बिल माझ्या नावावर."
आणि पहिलं पोतं पाठीवर घेतलं,
पन्नाशी उलटलेला माणूस, डाव्या पायाने जरा लंगडा.

हे पाळकांनी सांगितलं नव्हतं.
हाक मला, ओझं त्याला.
माझ्या सचोटीचं वजन मी कधी केलंच नव्हतं.
ते भरलं दोन टन,
तेही दुसऱ्याच्या पाठीवर.

साडेपाचला पाळी संपली.
बस उभी होती, ड्रायव्हरने माझ्यासाठी दार धरलेलं.
अंगावर काटा आला. थंडीचा असेल,
जूनमध्ये नदीवरून बोचरा वारा येतो.
मी वही मिटली. कमरेला चितेंगे घट्ट बांधलं
आणि सतराव्या पोत्याचं दुसरं टोक धरलं.

आम्ही बोललो नाही.
कोंबडी बघत होती.
अठ्ठाविसाव्याच्या सुमारास तो म्हणाला,
"गुडघ्यातून उचल, कमरेतून नको."
त्या आठवड्यात ऐकलेल्या उपदेशांत
हाच माझ्या अंगी लागला.

शेवटचं पोतं ठेवलं तेव्हा बस कधीच गेली होती.
पोत्यांना टेकून आम्ही त्याच्या डब्यातली
गारठलेली न्शिमा खाल्ली, अर्धी अर्धी.
त्याने माफ केलं का, मी विचारलं नाही.

नंतर ऑगस्टात एकदा घेतली मी नोट.
खोटं कशाला सांगू. बाटली संपली होती.
त्या रविवारी मी मागच्या बाकावर बसले,
दाराजवळ, जिथे पंख्याचा आवाज जास्त येतो.

त्या जकातदाराला हाक एकदाच आली असेल.
मला रोज येते,
बहुतेक तिसऱ्या ट्रकाच्या आसपास.